सानिकाचं जॅकेट आणि गच्चीची गळती

सानिका (पोर्तु, पोर्तुगाल): आप्पाकाका, आहात का? दुकानात उभी आहे. एका जॅकेटवर ‘इंपर्मिआव्हेल’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘रेझिश्तेन्त आ आग्वा’. दुसरं वीस युरोंनी स्वस्त आहे. कुठलं घेऊ?

आई: छत्री दिली होती ना गं?

सानिका: इथला वारा छत्री उलटी करतो आई. दोन मोडल्या.

आप्पाकाका (मडगाव): पहिलं घे. ‘रेझिश्तेन्त’ म्हणजे भुरभुर सोसेल, धो धो पावसात खांदे भिजणार. इंपर्मिआव्हेल म्हणजे पाणी आरपार जाणारच नाही असं. लॅटिन ‘पर्मेआरे’ म्हणजे आरपार जाणं, त्याच्याआधी नकाराचा ‘इं’. १९६१ च्या आधी पोर्तुगीज शाळेत घोकलेलं अजून आठवतंय बघ. आतून शिवणींवर पट्टी आहे का? लेबलवर ‘कुश्तुराश सेलादाश’ असेल. कापड कितीही चांगलं असो, पाणी सुईच्या भोकातून शिरतं.

सानिका: आहे पट्टी! पण ती बाई नुसतंच ‘उं इंपर्मिआव्हेल’ म्हणते, जॅकेट म्हणतच नाही.

आप्पाकाका: बरोबर आहे तिचं. तोच शब्द नाम म्हणून आला की रेनकोट. ब्राझीलमध्ये मात्र रेनकोटला ‘कापा जी शूवा’. आणि तिकडे शेवटच्या ल चा उ होतो, ‘इंपेर्मेआव्हेउ’!

बाबा: गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला काय म्हणतात? कोटेशन आलंय परत.

आप्पाकाका: इंपर्मिआबिलिझासांव. ब्राझीलमध्ये स्लॅबवर डांबरी चादर चिकटवतात, ‘मांता आस्फाल्तिका’.

आत्या: हा शब्द उच्चारेपर्यंत अर्धी बादली भरेल 😄

आप्पाकाका: बादलीसुद्धा पोर्तुगीजांचीच हो, ‘बाल्द’. घमेलं म्हणजे ‘गामेला’, पिंप म्हणजे ‘पीपा’. गळणारं पाणी धरायची भांडी आपण घेतली, पाणी अडवायचा शब्द तेवढा तिकडेच राहिला.

आई: माणसाला लावतात का हो तो शब्द?

आप्पाकाका: लावतात की वहिनी. ‘इंपर्मिआव्हेल आ क्रीतिकाश’, म्हणजे कितीही बोला, आत थेंब जात नाही.

आई: मग आमच्याकडे एक आहे. २०१९ पासून सांगतेय, पावसाळ्याआधी गच्ची करून घ्या.

बाबा: 👍

सानिका: घेतलं! बाह्या लांब आहेत, दुमडीन. फक्त टोपी वेगळी लावायची आहे आणि तिच्या लेबलवर ‘रेझिश्तेन्त’ 🤦‍♀️