ऑरेंज इज द न्यू ब्लॅकचा शेवटचा सीझन पाहिला, डॉगेटसोबत असं करायची गरज होती का? (स्पॉयलर आहेत, न पाहिलेल्यांनी इथूनच परत जा)

संत्राबर्फी
अमेरिकेतल्या बायांच्या जेलवरची नेटफ्लिक्सची सीरियल, सीझन 2019 चा आहे आणि मी आता पाहून राहिली, हसू नका. आई हॉलमध्ये असली की ही सीरियल लावताच येत नाही, ज्यांनी पाहिली त्यांना माहीत आहे का ते.

तर सातवा सीझन काल रात्री संपवला, शेवटचा एपिसोडच दीड तासाचा, आणि झोप काही लागली नाही कारण डोक्यात नुसता राग. पहिल्या सीझनमध्ये जी बाई डोळ्यासमोर नको व्हायची, सडके दात, देवाच्या नावानं आरडाओरडा, हिरोईन पायपरच्या जिवावर उठलेली, तीच डॉगेट शेवटी शाळेची परीक्षा द्यायला बसते. तिला डिस्लेक्सिया आहे हे एवढ्या वयात पहिल्यांदा कोणीतरी लक्षात आणून देतं, सोबतची कैदी टेस्टी बसून शिकवते, आणि मग तो जेलचा अधिकारी लुशेक एक्स्ट्रा टाइमचा फॉर्मच द्यायला विसरतो. तिला वाटतं आपण फेल, ड्रग्स घेते आणि संपलं. नंतर रिझल्ट काय तर पास!! हे मुद्दाम रडवायलाच लिहिलं ना? आणि तिकडे पायपर मॅडम बाहेर, बापाच्या ऑफिसात नोकरी, राहायला भावाचं घर, तरी सगळ्यात मोठं रडगाणं तिचंच. मला एकटीलाच असं वाटलं का?

तान्हापोळा
एकटी कायले, मी तं टीव्हीच बंद केला होता त्या सीनले. पण खरं सांगू का, मले डॉगेटपेक्षा पायपर-अॅलेक्सनं जास्त पकवलं. त्यायचं प्रेम तुटलं, जुळलं, परत तुटलं, अबे काय ते एकदाचं ठरवा ना! मी तर सरळ पुढं ढकलत गेलो. सीझन 5 मधी 3 दिवसाची दंगल 13 एपिसोड ताणली तेव्हाच सोडणार होतो, रेड आणि निकीसाठी टिकलो. आणि रेडलेच विसरायचा आजार दिला. जी बाई अख्खं किचन एका नजरेत चालवे तिले काही आठवत नाही आणि निकी तिची जागा घेते, तो भाग मात्र भल्ला लिहिला, मानलं.

काळाकोट_सिव्हिललाइन्स
मी उलट बोलणार आहे, राग मानू नका. जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करते, सेंट्रल जेलमधल्या बायांच्या केसेस येतात माझ्याकडे, म्हणून ही सीरियल मी जरा वेगळ्या डोळ्यानं पाहिली.

डॉगेटचा शेवट मला अजिबात ओढूनताणून वाटला नाही. लुशेक काही दुष्ट माणूस नाही, तो आळशी आहे, आणि जेलमध्ये आळशी माणूस पुरतो. आपल्याकडे देशातल्या जेलमध्ये साधारण चारातले तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे केसचा निकालच लागलेला नाही. त्यात असे कितीतरी की जामीन मंजूर झालेला आहे पण जामीनदार मिळत नाही, नाहीतर कागद कुठेतरी टेबलावर पडला आहे, म्हणून बाई आतच. 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) लागू झाला, त्यात कलम 479 प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्यानं जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडायचं (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आणि अजून केसेस चालू असतील तरी नाही), आणि तसा अर्ज कोर्टात करायची जबाबदारी जेल सुपरिंटेंडेंटवर टाकली आहे. ऐकायला छानच आहे, पण अर्ज शेवटी कोणीतरी उठून करायचाच आहे ना? तो लुशेकचा फॉर्म पाहताना माझ्या डोक्यात हेच फिरत होतं.

पायपरचं म्हणाल तर तिचं रडगाणं सगळ्यात मोठं आहे हीच तर गोष्ट आहे. जिला घर आहे, भाऊ आहे ती सुटते. टेस्टी निर्दोष आहे हे आपण पाहिलेलं आहे, तरी तिला जन्मठेप. शेवटच्या सीझनला तिची सुटका दाखवली असती तर टाळ्या पडल्या असत्या, पण मग मी तरी ही सीरियल खोटी म्हटली असती.

वर्धारोड_रातराणी
काळाकोट ताई +1. फक्त एक, देशाबाहेर काढायच्या लोकांना ठेवतात त्या डिटेन्शन सेंटरवाल्या भागाबद्दल कोणीच का बोलत नाही? मला सगळ्यात जड तोच गेला. मारित्झाला आयुष्यभर वाटतं आपला जन्म अमेरिकेतलाच आणि मग कळतं की कोलंबियातला, आणि त्या विमानात बसलेल्या बाया एकेक करून सीटवरून नाहीशा होतात, बॅकग्राउंडला आरडाओरडा काही नाही. मारित्झाचं काम करणाऱ्या डायान गरेरोच्या स्वतःच्या आईवडिलांना ती 14 वर्षांची असताना कोलंबियाला परत पाठवलं होतं, हे मी नंतर वाचलं आणि तो सीन परत पाहायची हिंमत नाही झाली. सहाव्या सीझनच्या शेवटी ब्लांका सुटून फुलं घेऊन उभ्या असलेल्या बॉयफ्रेंडकडे जाणार तेवढ्यात तिला दुसऱ्या रांगेत वळवतात, तेव्हाच समजायला पाहिजे होतं पुढं काय वाढून ठेवलं आहे.

बाकी जुन्या वॉर्डनचा, कापुटोचा ट्रॅक कंटाळवाणा, सुझनच्या कोंबड्या मस्त.

संत्राबर्फी
काळाकोट ताई, तुमचं सगळं पटलं तरी राग गेला नाही. खरं असतं म्हणून सगळं दाखवायलाच पाहिजे असं थोडी आहे? टेस्टीच्या मैत्रिणीला, पूसीला चौथ्यात मारलं तेव्हा एका मरणानं अख्खी सीरियल पलटली, त्याला अर्थ होता. सातव्यात तर लॉर्नाचं बाळ गेलं, रेडची आठवण गेली, डॉगेट गेली, एकानंतर एक, मग मी रडायचंच बंद केलं. आणि ते लॉर्नाचं जे आहे, मूल जेलबाहेर वारलं आणि आई आत फोटो दाखवत फिरते, आपल्याकडे मूल आईसोबत राहतं ना जेलमध्ये?

काळाकोट_सिव्हिललाइन्स
हो, 6 वर्षांपर्यंत. सुप्रीम कोर्टाचा 2006 चा निकाल आहे, त्यात त्या मुलांच्या जेवणापासून बालवाडीपर्यंत सगळं सांगितलं आहे. 6 पूर्ण झाले की नातेवाईक, नाहीतर संस्था. तो दिवस आईसाठी कसा असतो ते इथं टाइप करत नाही. आणि धाग्यावर कोणाला उपयोगी पडेल म्हणून, बाईला कोर्टात फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, 1987 च्या कायद्यात आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.

तान्हापोळा
धागा सीरियस होऊन राहिला बावा. मले शेवटी टेस्टीचं आवडलं ते सांगतो. मरायच्या तयारीत असलेली बाई पूसीच्या नावानं फंड काढते, सुटून आलेल्या बायांले छोटं कर्ज द्यासाठी, म्हणजे आपला बचत गटच की! आईले हे सांगितलं तं म्हणे, वसुली कोण करते? आणि तो फंड खराच सुरू केला होता त्यायनं, सीरियलच्या बाहेर.

संत्राबर्फी
काकूंना माझा नमस्कार सांग, हा प्रश्न नेटफ्लिक्सच्या रायटरला सुचला नाही.

बरं आता पुढं काय पाहू? वेंटवर्थ कोणी पाहिली का?

वर्धारोड_रातराणी
पाहिली. ही पण बायांच्या जेलचीच, ऑस्ट्रेलियन आहे, 8 सीझन, 100 एपिसोड, 2013 ते 2021. ह्यात जेवढा जोक आहे त्याच्या पाव पण नाही तिथं, पण फर्ग्युसन नावाची जी गव्हर्नर, म्हणजे जेलची प्रमुख, येते ना दुसऱ्या सीझनला, तिच्यासमोर आपले इथले सगळे वॉर्डन पाणी कम. चौथा सीझन संपेपर्यंत गुगल करू नको काही. आणि आई हॉलमध्ये असताना ही पण नाही लावता येणार.