काजवे पाहण्यासाठी मुलीसह तंबूत मुक्काम : मदत हवी आहे

अर्धविराम
येत्या शनिवारी मुलीला घेऊन काजवे पाहायला जायचे ठरले आहे आणि तंबूतच राहायचे, हेही ठरले आहे. दुकानात दोन माणसांचा आणि तीन माणसांचा असे दोन तंबू पाहून ठेवले असून दोहोंच्या किमतीत बराच फरक आहे. आम्ही दोघेच असल्यामुळे लहान तंबू पुरेल ना, आणि पाऊस आला तर तो टिकेल का, एवढेच जाणकारांनी सांगावे. हॉटेल, रिसॉर्ट वगैरे कृपया सुचवू नयेत, ते आम्हालाही शोधता येतात. खरेदी उद्या संध्याकाळपर्यंत करायची आहे.

घाटमाथा
आपण कोठे जाणार आहात, हेच लिहिलेले नाही. काजवे राजमाचीला दिसतात, पुरुषवाडीला दिसतात आणि भंडारदऱ्याच्या परिसरातही दिसतात, परंतु तिन्हीकडची मुक्कामाची सोय वेगवेगळी आहे. मुलीचे वय, वाहन स्वतःचे आहे की नाही आणि तंबू कोणाच्या जागेत लावणार, हे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंधारात तीर मारणे होईल.

अर्धविराम
भंडारदरा. मुलगी आठ वर्षांची आहे. गाडी आहे. जागा तिथे गेल्यावर पाहू, धरणाच्या पाण्याकाठी पुष्कळ मोकळी जागा असते असे ऐकले आहे. प्रश्न तंबूचा होता.

कातळकोर
तीन माणसांचाच घ्यावा. तंबूवर लिहिलेली माणसांची संख्या खांद्याला खांदा लावून झोपणाऱ्यांची असते, त्यात पाठपिशव्या आणि ओले बूट धरलेले नसतात. लहान तंबूत पिशवी कापडाला टेकते आणि जिथे टेकते तिथूनच पाणी आत झिरपू लागते. बाहेरचे जलरोधक आवरण वेगळे आणि थेट जमिनीपर्यंत येणारे असावे. नुसती टोपीसारखी झूल असलेले तंबू वळवाच्या आडव्या पावसात निरुपयोगी ठरतात. खाली प्लास्टिक अंथरणार असाल, तर त्याच्या कडा तंबूच्या बाहेर डोकावू देऊ नका, सर्व बाजूंनी आत दुमडा. अन्यथा वरून ओघळलेले पाणी त्या प्लास्टिकवर साचून तुमच्याच अंथरुणाखाली येते. सोबत मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या त्या भागातल्या मुरमाड जमिनीत वाकतात, म्हणून लोखंडी खुंट्या आणि एक हातोडी न्यावी. शुक्रवारी गच्चीवर तंबू एकदा उभारून पाहा, आणि तो मुलीलाच उभारू द्या.

जुनाजाणता
आमच्या काळी तंबू कोणाकडे होते? आम्ही रतनगडावरच्या गुहेत घोंगडी अंथरून झोपत असू आणि सकाळी नेढ्यात, म्हणजे कड्याला आरपार पडलेल्या भोकात, जाऊन वारा खात असू. आजकाल मुलांना फार जपले जाते. तंबू कोणताही घ्या, परंतु भोवती फिनाईलचे रिंगण अवश्य ओतावे, म्हणजे साप-विंचू जवळ फिरकत नाहीत. आमचा हा अनुभव आहे.

वैद्यबुवा
जुनाजाणता यांच्या वयाचा मान राखूनही सांगतो की, फिनाईलच्या रिंगणाने साप थांबत नाही. त्या भरवशावर तंबूची चेन उघडी टाकली जाते, हाच त्यातला खरा धोका आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांपैकी मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावते. तिचा दंश इतका सूक्ष्म असतो की सूज नाही, वेदना नाहीत. पहाटे पोटात दुखते आणि पापण्या जड होतात, तेव्हा कळते. तळ शिवलेला तंबू आणि सदैव बंद चेन हा यावरचा उपाय आहे. बूट आत ठेवावेत आणि घालण्यापूर्वी झटकावेत.

विंचवाबद्दलही लिहितो, कारण लाल विंचवाचा दंश मोठ्यांपेक्षा मुलांना अधिक घातक ठरतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून या दंशाने होणारे मृत्यू पुष्कळ कमी झाले, मात्र रुग्ण वेळेत दवाखान्यात पोहोचला पाहिजे. मुलीला घाम फुटला, उलट्या होऊ लागल्या किंवा हातपाय गार पडले, तर मंत्र-उतारा करत बसू नये. तिथे अनेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे १०८ क्रमांक लावण्यासाठी कोठवर जावे लागेल आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात सर्पविषावरची लस आहे का, हे गावात पोहोचताच विचारून ठेवावे.

जुनाजाणता
आम्हाला कधी काही झाले नाही.

वैद्यबुवा
ज्यांना काही झाले, ते आपल्याबरोबर या धाग्यावर लिहायला आलेले नाहीत, एवढेच म्हणतो.

निशिगंध
तंबू कितीही चांगला असला, तरी मुलगी त्यात झोपेल का, हे कोणीच विचारले नाही. ती यापूर्वी घराबाहेर मोकळ्यावर झोपली आहे का? आमचा मुलगा दिवसभर रानात बागडला आणि अंधार पडताच घरी चला म्हणून हटून बसला होता.

अर्धविराम
नाही, ही पहिलीच वेळ आहे. तिला झोपताना दिवा लागतो. तो नेणारच आहोत, चार्जिंगचा पांढरा कंदील आहे, रात्रभर चालतो.

घाटमाथा
ही गोष्ट पहिल्याच प्रतिसादात सांगायला हवी होती! काजव्यांचा प्रकाश हा नर-मादीचा परस्परांना दिलेला इशारा असतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे जमतात आणि कधी कधी अख्खे झाड एका ठेक्यात लुकलुकते. तिथे पांढरा कंदील लावला की तो इशारा दिसेनासा होतो, आणि प्रौढ काजव्याच्या वाट्याला त्यासाठी जेमतेम काही आठवडेच येतात. गाडीचे दिवे लावून झाडाखाली उभे राहणाऱ्यांनी आधीच पुरेसे नुकसान केले आहे. कृपया दिवा नेऊच नये.

निशिगंध
आठ वर्षांच्या मुलीला अनोळखी रानात मिट्ट काळोखात झोपवायचे, हा काही उपाय नव्हे. ती एकदा घाबरली, की पुढची दहा वर्षे रानाचे नाव काढणार नाही. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद दुमडून लावावा, म्हणजे प्रकाश मंद होतो; ती तंबूच्या आत, जमिनीकडे तोंड करून ठेवावी.

घाटमाथा
लाल प्रकाश तुलनेने कमी त्रासदायक असतो, हे मान्य; परंतु तोही झाडापाशी नकोच.

कातळकोर
दोघांचेही खरे आहे, कारण तंबू काजव्यांच्या झाडांपाशी लावायचाच नाही. पाणवठ्याचाही विचार सोडावा. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा हा जलाशय जूनच्या सुरुवातीला बराच खाली गेलेला असतो. उघडी पडलेली जमीन सपाट आणि मोहक दिसते, पण काठाला निसरडा गाळ असतो आणि मूल रात्री लघवीसाठी एकटेच उठले तर पाणी किती जवळ आहे, हे त्याला कळत नाही. शिवाय वळवाच्या विजा कडाडत असताना मोकळ्या काठावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये. विजा सुरू झाल्या तर तंबू सोडून पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत बसावे. म्हणून रतनवाडी, साम्रद किंवा शेंडीच्या बाजूला एखाद्या घरी विचारून त्यांच्या अंगणात तंबू लावावा. भाकरी-पिठले मिळेल, रात्री हाकेच्या अंतरावर माणसे असतील, लाल विजेरीही खुशाल लावता येईल. काजव्यांच्या झाडांपर्यंत त्याच घरातले कोणीतरी वाट दाखवील. त्याला त्याचे योग्य पैसे द्यावेत.

आकाशवेडा
शनिवारी तिथी कोणती आहे, हे पाहिले का? पौर्णिमेच्या आसपास काजवे फिके दिसतात. आकाश निरभ्र मिळाले तर रात्री नऊच्या सुमारास डोक्यावर नारिंगी स्वाती, दक्षिणेला चित्रा आणि आग्नेयेला वृश्चिकातली तांबूस ज्येष्ठा मुलीला दाखवावी. सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढवली की थेट स्वातीवर येते, ही ओळख मुले लगेच शिकतात. दुर्बीण कोणती घ्यावी, हे हवे असल्यास सविस्तर लिहितो.

अर्धविराम
दुर्बीण नको, आभारी आहे. तीन माणसांचा तंबू आज घेतला, लोखंडी खुंट्याही घेतल्या. अंगणाची कल्पना पटली. मुलीला लाल कागद दाखवला, तर तो तिनेच कापून विजेरीला लावला आणि दिवे बंद करून खोलीत तासभर बसली. एकच शेवटचा प्रश्न : पाऊस लागून राहिला, तर दूध गरम करण्यापुरती लहान गॅसशेगडी तंबूच्या आत पेटवली तर चालेल का? खिडकीची जाळी उघडी ठेवू.

वैद्यबुवा
अजिबात नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि झोपेत तो कळत नाही. जाळी उघडी ठेवणे पुरेसे नाही, शिवाय तंबूचे कापड क्षणात पेट घेते. दूध त्या घरच्या चुलीवर तापवून घ्यावे.

घाटमाथा
परिसराचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. रात्री फिरण्याच्या वेळेवर वन विभाग हंगामात निर्बंध घालतो, म्हणून प्रवेशशुल्क भरताना नाक्यावरच वेळ विचारून घ्यावी. मुंबईहून येत असाल तर घोटी-बारी मार्गाने दुपारी तीनच्या आत शेंडीला पोहोचा, म्हणजे उजेडात जागा ठरेल. आणि आपण मुंबईहून येणार की पुण्याहून, हेही अजून लिहिलेले नाही.