मदत हवी आहे : बिग-एंडियन मशीनवर तीन टेस्ट फेल होतायत

नमस्कार मंडळी. सी मध्ये लिहिलेली एक छोटी लायब्ररी सांभाळतो. एक्स८६-६४ आणि आर्म६४ वर (दोन्ही लिटल-एंडियन, म्हणजे आकड्याचा सर्वात कमी किमतीचा बाइट आधी) सगळ्या टेस्ट पास. परवा क्यूईएमयूमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा एम्युलेटर) एस३९०एक्स वर (आयबीएम मेनफ्रेमचा बिग-एंडियन प्रोसेसर) बिल्ड केलं, तर तीन लाल.

पहिलीचं कारण लगेच सापडलं. फाइलच्या हेडरमधली लांबी २५८ यायला हवी, येतेय ३३६१९९६८. फाइलमध्ये बाइट आहेत ०२ ०१ ०० ००, आणि मी ते मेमसीपीवायने (बाइट जसेच्या तसे कॉपी करणारं फंक्शन) थेट युइंट३२ मध्ये, म्हणजे ३२ बिटांच्या आकड्यात, ओततोय. बिग-एंडियन प्रोसेसर पहिला बाइट सर्वात जास्त किमतीचा धरणार, त्याची काय चूक! तिथे आता बाइट शिफ्ट करून आकडा जुळवतो. हे कुठेही चालतं, मशीनप्रमाणे वेगळा कोड निवडणाऱ्या #if ची भानगड नाही.

दुसरी बिटफील्डची (स्ट्रक्टमध्ये ठरावीक बिटांचे भाग; त्यांचा क्रम मशीनप्रमाणे बदलतो) होती. ते स्ट्रक्ट काढून मास्क वापरले, विषय संपला.

अडलंय ते तिसरीत. हॅशचं फंक्शन (स्ट्रिंगवरून टेबलसाठी एक आकडा काढणारं) वेगासाठी आठ-आठ बाइट एकदम वाचतं, त्यामुळे त्याच स्ट्रिंगचा हॅश दोन्हीकडे वेगळा येतो. टेस्टमध्ये मात्र एक्स८६ चाच आकडा कोरलेला. हॅश फक्त मेमरीतल्या टेबलपुरता आहे, डिस्कवर जात नाही. मग टेस्टमध्ये दोन अपेक्षित आकडे ठेवू, की वाचतानाच एलई६४टीओएच (लिटल-एंडियन ६४-बिट आकडा मशीनच्या क्रमात आणणारं फंक्शन) लावून हॅश सगळीकडे एकच करू? मला दुसरं पटतंय, कारण लिटल-एंडियनवर त्याचा खर्च शून्य. पण बिग-एंडियनवर दर वाचनाला बाइट उलटवल्याने वेग जाणवण्याइतका पडतो का? कुणी प्रत्यक्ष मोजलंय? क्यूईएमयूवरच्या वेळेवर माझा भरवसा नाही.