फ्रान्सने म्हणे एकच बॅण्ड दिला!

बेसूर
काल रात्री झोपण्याआधी उगाच मोबाइल उघडला आणि नीरक्षीर यांची पोस्ट दिसली. "डाफ्ट पंक सोडले तर फ्रान्सने पॉप संगीताला दिलंय काय? बाकी सगळे गल्लीतले बेंजो. सीमा ओलांडली की ओळखणारं कुणी नाही." खाली टाळ्यांचा पाऊस. झोप उडाली ती उडालीच. प्रतिसादात मावेना म्हणून हा धागा.

डाफ्ट पंक म्हणून इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या ज्या दोघांना तुम्ही डोक्यावर घेतलंय ते काही आभाळातून पडलेले नाहीत. बांगाल्तेर आणि द ओमें-क्रिस्तो यांचा आधी 'डार्लिन' नावाचा गिटारवाला बॅण्ड होता, तिसरा भिडू ब्रांकोवित्झ. लंडनच्या 'मेलडी मेकर' ह्या संगीताच्या साप्ताहिकाने 1993 मध्ये त्यांच्या वाजवण्याची 'डाफ्ट पंकी' म्हणून टर उडवली. दोघांनी तेच नाव लावलं आणि यंत्रांकडे वळले. ब्रांकोवित्झ गेला फिनिक्स नावाच्या बॅण्डमध्ये. फिनिक्स व्हर्सायचे, आणि 1998 मध्ये 'मून सफारी' हा अल्बम काढणारे एअरही व्हर्सायचेच. म्हणजे एका पंचक्रोशीत तीन बॅण्ड. ह्याला काय 'एकच' म्हणायचं?

आणि माझा मुद्दा तर त्याच्याही आधीचा आहे. टेलेफोन हा रॉक बॅण्ड! 1976 ते 1986, चौघंजण, बास गिटारवर कोरिन मारिएनो. फ्रेंचमध्ये रॉक गाता येत नाही असं खुद्द फ्रेंच लोकच मानत होते, तेव्हा ह्यांनी ते गाऊन दाखवलं. 1982 मध्ये पॅरिसला रोलिंग स्टोन्सच्या आधी वाजवलं. मी पुण्यात फ्रेंच शिकायला लागलो कारण जर्मनच्या बॅचला जागा उरली नव्हती. आमच्या बाईंनी एकदा वर्गात कॅसेट आणली, क्रियापदं ओळखा म्हणून. क्रियापदं राहिली बाजूला. मी ती कॅसेट घरी नेली, कॉपी केली, परत द्यायची विसरलो. बाई, कुठे असाल तिथे माफ करा.

नीरक्षीर
चला, माझ्यावर धागा निघाला, धन्य झालो.

बेसूरराव, तुमच्या बाईंची कॅसेट म्हणजे प्रभाव नव्हे. प्रभाव म्हणजे, तुमचं ऐकून दुसऱ्या देशातल्या कुणीतरी आपलं वाजवणं बदललं. 2006 मध्ये अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवाला डाफ्ट पंक तो दिव्यांचा पिरॅमिड घेऊन उभे राहिले. आज साध्या कॉलेज फेस्टिवलात डीजेच्या मागे एलईडीची भिंत असते, ती कुठून आली? 2007 मध्ये अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टने त्यांचा तुकडा उचलून अख्खं गाणं उभं केलं. 2014 ला ग्रॅमीत वर्षाचा अल्बम. आता टेलेफोनमुळे मँचेस्टर नाहीतर डेट्रॉइटमध्ये काय बदललं ते सांगा. मी वाट बघतो.

स्टोन्सच्या आधी वाजवणं ही पात्रता असेल तर लग्नात नवरदेवाच्या पुढे नाचणाराही नवरदेवच.

घनगर्जना
धाग्यात अजून गोजिरा ह्या मेटल बॅण्डचं नाव नाही. लाज वाटली पाहिजे सगळ्यांना. बायोनजवळच्या ओंद्र गावचे दोन भाऊ, आधीचं नाव गॉडझिला, कायद्याची कटकट नको म्हणून ते सोडलं. 2005 चा 'फ्रॉम मार्स टू सिरियस' अल्बम ऐका आणि मग बोला. पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला, 26 जुलै 2024, कॉन्सिएर्जरी ह्या जुन्या तुरुंगाच्या खिडक्यांत उभं राहून त्यांनी राज्यक्रांतीच्या वेळचं गाणं मेटलमध्ये वाजवलं. खालच्या खिडक्यांत मुंडकं हातात धरलेल्या राण्या. आमच्या मातोश्री म्हणाल्या, "हे कसलं बाई अभद्र!" आणि शेवटपर्यंत बघत बसल्या.

खवट_आजोबा
कान्ये वेस्टने 'त्यांचा' तुकडा उचलला हे वाचून करमणूक झाली. तो तुकडा मुळात एडविन बर्डसाँगचा, 1979 चा. डाफ्ट पंकचंच 'डिजिटल लव्ह' जॉर्ज ड्यूकच्या गाण्यावर उभं, 'रोबॉट रॉक' ब्रेकवॉटरच्या. डोक्यावर हेल्मेट घालून दुसऱ्याची बाग तोडायची आणि फुलं आपली म्हणून विकायची. ह्यात फ्रान्सने दिलं काय? घेतलं!

नीरक्षीर
@खवट_आजोबा, बर्डसाँग आणि ड्यूक यांची नावं श्रेयनामावलीत छापलेली आहेत, जरा चष्मा लावून बघा. बर्डसाँगची मूळ धून किती जणांनी ऐकली होती? त्या दोन सेकंदांतलं सोनं ओळखायला कान लागतो.

खवट_आजोबा
कान लागतो तसा वकीलही लागतो. असो.

तिरफळ
बाबांनो, भांडा खुशाल, पण एक गंमत ऐका. खवट आजोबांचा चोरीचा मुद्दा आपल्या दारापर्यंत येतो. डाफ्ट पंकमधल्या बांगाल्तेरचे वडील म्हणजे दानिएल वांगार्द, डिस्कोच्या जमान्यातले निर्माते-गीतकार. 'ओतावान' ह्या जोडीची गाणी त्यांची आणि जाँ क्लुगर यांची. 'डी.आय.एस.सी.ओ.' आठवतं ना? त्याच ओतावानचं 1980 चं 'ते ओके' काढून ऐका. दुसऱ्या ओळीला तुमच्या तोंडून आपोआप 'जिम्मी जिम्मी' निघणार. 1982, डिस्को डान्सर, बप्पीदा.

आमच्या म्हापशात गणपतीच्या आरासीला, नाताळच्या डान्सला आणि लग्नाच्या मिरवणुकीला ते गाणं वाजलेलं मी ह्याच कानांनी ऐकलंय. सिनेमा रशियात तुफान चालला, म्हणजे पॅरिसची चाल मुंबईमार्गे मॉस्कोला पोचली. आता कोणाचा प्रभाव आणि कोणाची सीमा, ते तुम्हीच ठरवा.

बेसूर
तिरफळ, साष्टांग नमस्कार. नीरक्षीर, 'सीमा ओलांडली की ओळखणारं कुणी नाही' म्हणालात ना? अख्खा भारत चाळीस वर्षं नाचतोय.

नीरक्षीर
नाचतोय, पण ओळखतोय का? ओतावानचं नाव आज इथे किती जणांना माहीत होतं? मी हेच तर म्हणतोय.

शेवंती
फ्रान्समध्ये तुलूजला अकरा वर्षं काढलीत, म्हणून बोलते. तुमच्या ह्या मारामारीत खरा मुद्दा निसटतोय: भाषा. डाफ्ट पंक, एअर, फिनिक्स, गोजिरा, ज्यांना जग ओळखतं ते बहुतेक इंग्रजीत गातात किंवा गातच नाहीत. इथे ज्यांच्यावर लोक जीव टाकतात तो रॉक बॅण्ड अँदोशीन. 1981 पासूनचे, 2010 मध्ये स्टाद द फ्रान्स हे भलंमोठं स्टेडियम भरवणारा पहिला फ्रेंच बॅण्ड. इथल्या ऑफिसात पहिल्या वर्षी माझ्या टीममधल्या बाई जेवणाच्या सुट्टीत त्यांचं 'लाव्हांत्युरिए' गुणगुणायच्या. मी विचारलं, हे काय? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दादरला उभी राहून शिवाजी पार्क कुठाय असं विचारलंय.

रेडिओवर फ्रेंच गाणी एवढी वाजतात त्याला कायदाही कारण आहे. 1994 चा कायदा, 1 जानेवारी 1996 पासून लागू: गर्दीच्या वेळेत वाजणाऱ्या गाण्यांतली 40 टक्के फ्रेंच भाषेत हवीत, आणि त्यातली निम्मी नव्या कलाकारांची किंवा नवी. त्याचा सगळ्यात मोठा फायदा कुणाला झाला असेल तर रॅपवाल्यांना. मार्सेयचे आयएएम, सें-दनीचे एनटीएम. आयएएमचा 'लेकोल द्यु मिक्रो दार्जाँ' हा अल्बम 1997 चा आहे, कायद्याला जेमतेम वर्ष झालं होतं.

दादरकर
हे! हे पाहिजे आपल्याकडे! मुंबईत टॅक्सीत बसा, एफएमवर सकाळपासून रात्रीपर्यंत हिंदी. एकदा एका स्टेशनला फोन लावून मराठी गाण्याची फर्माईश केली तर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, वो हमारे फॉरमॅट में नहीं है." मुंबईत! फ्रान्सचा कायदा उद्या सकाळी लागू करा.

नीरक्षीर
आला का कोटा! शेवंतीताई, आयएएम आणि एनटीएम दोघंही ऐंशीच्या दशकापासूनचे. कायद्याने त्यांना जन्म दिला नाही. आणि ह्या कायद्याचा विनोद बघा: मोजतात ती भाषा. म्हणजे डाफ्ट पंक फ्रेंच असून कोट्यात बसत नाहीत. आर्ल आणि माँपेलिएचे जिप्सी किंग्ज स्पॅनिशमध्ये गातात, तेही बाहेर. अर्ध्या जगाला ते स्पेनचेच वाटतात ते सोडा. उद्या कुणी कॅनडातून फ्रेंचमध्ये गायला की तो आत!

शेवंती
भाषेचा कायदा भाषाच मोजणार ना, की पासपोर्ट मोजणार? जन्म दिला असं मी म्हटलंच नाही. गल्लीतून रेडिओवर आणलं म्हटलं. वाचायच्या आधी टंकू नका.

नीरक्षीर
वाचलं. आणि स्टेशनांनी त्यावर काय शक्कल लढवली तेही सांगा की. तीच पाचदहा फ्रेंच गाणी दिवसभर घोळवायची, टक्केवारी भरली की मोकळे. शेवटी 2016 मध्ये कायदाच बदलावा लागला: सगळ्यात जास्त वाजणाऱ्या दहा गाण्यांनीच निम्म्याहून जास्त जागा व्यापली तर वरची वाजवणूक मोजायची नाही. दादरकर, तुमच्या एफएमवर असा कायदा आणलात तर सकाळ-दुपार-संध्याकाळ 'झिंगाट' ऐकाल. मग म्हणाल, हिंदी बरं होतं.

दादरकर
झिंगाट तर झिंगाट. मराठी तर आहे! तुमच्यासारख्यांमुळेच…

बेसूर
दादरकर, वाक्य तिथेच थांबवल्याबद्दल आभार. लोकहो, धाग्याचा काश्मीर करू नका. विषय बॅण्ड.

घनगर्जना
माझ्या गोजिराला एकानेही उत्तर दिलेलं नाही, नोंद घ्यावी.

पाववडा
पॉपकॉर्न संपले. कुणी माग्मा ह्या बॅण्डबद्दल बोलणार आहे का? फ्रेंच नको, इंग्रजी नको, म्हणून क्रिस्तियान व्हांदरने सरळ नवी भाषा रचली, कोबायन. 1969 पासून. कोट्यात पण नाही, बाहेर पण नाही. स्नूकरचा जगज्जेता स्टीव डेविस एवढा वेडा की 1988 मध्ये पदरमोड करून त्यांना लंडनला आणलं. नीरक्षीर, सीमा ओलांडली हो!

नीरक्षीर
एक स्नूकरपटू. मान्य. हिशोबात धरतो.

बेसूर
नुआर देझीर हा बॅण्ड राहिला. बोर्दोचा. 2001 चा अल्बम, त्यातल्या 'ल व्हाँ नू पोर्तरा'वर गिटार मानो नेग्रा बॅण्डच्या मानू चाओची. फ्रेंचमध्ये आहे आणि अनेक देशांतल्या लोकांनी पुन्हा गायलंय. नीरक्षीर यांच्या व्याख्येतही बसतं.

शेवंती
बेसूर, तो गायक कोण हे माहीत असून लिहिताय? 2003 मध्ये लिथुआनियात विल्नियसला बेर्त्राँ काँताने त्याची प्रेयसी, अभिनेत्री मारी त्रँतिन्याँ हिला मारहाण केली, त्यात ती गेली. आठ वर्षांची शिक्षा, 2007 मध्ये बाहेर. तुम्ही 'गिटार कुणाची' सांगताय!

बेसूर
माहीत आहे. गाणं आधीचं आहे आणि बॅण्डमध्ये आणखी तिघं होते. त्यांनी काय करायचं?

शेवंती
त्यांचं 2010 मध्ये मोडलं, त्यांच्या मनाने ठरवलं. मी माझं सांगते. ते गाणं मला पाठ होतं, फ्रेंच बोलायची हिंमत त्याच्यावर आली. नंतर एका मैत्रिणीने मला तिच्या आधीच्या संसारातलं सांगितलं, मार खाल्लेलं. त्याच संध्याकाळी गाडीत ते लागलं आणि मी स्टेशन बदललं. आजही बदलते. तुम्ही ऐका, मी अडवत नाही. पण यादीत अभिमानाने लावू नका.

खवट_आजोबा
ह्या मुद्द्यावर मी बाईंच्या बाजूने. (पहिल्यांदाच कुणाच्या तरी बाजूने आहे, तारीख लिहून ठेवा.)

बेसूर
ठीक. यादीतून काढतो. मनातून निघेल असं नाही.

नीरक्षीर
मी जरा शांतपणे बसून सगळं वाचलं. माझं 'एकच बॅण्ड' चुकलं, 'एकच पंचक्रोशी' म्हणायला हवं होतं. एअर आणि फिनिक्स धरतो. गोजिरा धरतो, नाहीतर घनगर्जना रात्री झोपू देणार नाही. ओतावान बप्पीदांच्या खात्यात. टेलेफोन अजूनही बेंजोच. एवढं म्हणताय तर लिंक द्या, ऐकतो.

घनगर्जना
🤘

बेसूर
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. तीन गाणी. आधी 1984 चं 'अँ ओत्र माँद' ऐका, हेडफोन लावून. स्पीकरवर नको.

नीरक्षीर
ऐकली, ऑफिसच्या बसमध्ये. पहिलं म्हणजे स्टोन्सची नक्कल. दुसरं बरं आहे. तिसरं हिंजवडी येईपर्यंत चार वेळा ऐकलं, पण त्याला कारण ट्रॅफिक.

बेसूर
तिसरं कुठलं? क्रम उलटा गेला नाही ना?

नीरक्षीर
नाही सांगणार.