मदत हवी आहे: भुवयांमधील आठ्यांसाठी बोटॉक्स घ्यावे का? प्रश्न कथकच्या अभिनयाचा आहे (नाशिक)

नमस्कार.

मी नाशिकला राहते. वय ५४ वर्षे. गेली २६ वर्षे कथक शिकवते आणि वर्षातून दोन-तीनदा स्वतःही रंगमंचावर उभी राहते. चेहऱ्यावरील सुरकुत्यांसाठी दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांविषयी मला सल्ला हवा आहे. माझी अडचण नेहमीपेक्षा थोडी वेगळी असल्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या आहेत. चाळिशीपर्यंत त्या भुवया आक्रसल्यावरच दिसत असत; आता चेहरा अगदी सैल सोडला तरी त्या तशाच राहतात. डावी आठी अधिक खोल आहे. मेकअपचा बेस तिच्यात साचतो आणि दिव्यांच्या उष्णतेने अर्ध्या तासात तिथे पांढरी रेघ उठून दिसू लागते. वर्गातील लहान मुली तत्कार (कथकचे पदन्यास) करता करता थबकतात आणि विचारतात, "ताई, रागावलात का?" मी रागावलेली नसते. एखादी नवी मुलगी माझ्या चेहऱ्याकडे पाहून हात आखडून घेते, तेव्हा मला फार वाईट वाटते.

मंचावरची अडचण याहून मोठी आहे. माखनचोरीच्या गतभावात (कथकमध्ये अभिनयातून कथा सांगण्याचा भाग) यशोदा आधी कौतुकात दंग असते, मग तिची नजर फुटलेल्या मडक्यावर जाते आणि त्या क्षणी भुवया जवळ येतात. राग तिथेच उमटला पाहिजे. कालिदास कलामंदिरातील आमच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण पाहिले तेव्हा ध्यानात आले, की माझी यशोदा मडके दिसण्याआधीपासूनच रागावलेली आहे.

आमच्या नाट्यशास्त्रात भुवयांच्या सात क्रिया सांगितल्या आहेत: उत्क्षेप (उंचावणे), पातन, भ्रुकुटी (आक्रसणे), चतुर, कुंचित, रेचित आणि सहज. आरशासमोर बसवून आम्ही मुलींकडून त्या घोटून घेतो. सहज म्हणजे भुवयांची स्वाभाविक, काहीही न सांगणारी स्थिती. माझी नेमकी तीच बिघडली आहे, आणि ती दुरुस्त करण्याच्या नादात बाकीच्या सहा गमवाव्यात असे मला मुळीच वाटत नाही.

आतापर्यंत जे वाचले आणि विचारले त्यावरून एवढे समजले आहे, की बोटॉक्स म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन, आणि ते मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा आकुंचनाचा संदेश काही काळ अडवते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८९ मध्ये ते तिरळेपणा आणि पापण्यांच्या अनैच्छिक आकुंचनासाठी मान्य केले आणि भुवयांमधील आठ्यांसाठी २००२ मध्ये. फिलर ही वेगळी गोष्ट असून त्यात बहुधा हायलुरॉनिक ॲसिडचे जेल त्वचेखाली भरून खोलगट भाग वर आणतात. मात्र माझ्यासारखीला यांतील काय योग्य, हे वाचून ठरेना.

म्हणून मागील महिन्यात शहरातील एका ठिकाणी चौकशीसाठी गेले. नाव लिहीत नाही. पाच मिनिटांत मला "भुवया, कपाळ आणि नाकाजवळच्या रेषा" असे एकत्रित पॅकेज सांगण्यात आले आणि आजच केल्यास सवलत देऊ, असेही. शेजारच्या ट्रेमध्ये सिरिंज आधीच भरून ठेवलेली होती. औषधाचे नाव विचारले तर "इम्पोर्टेड आहे मॅडम" एवढेच उत्तर मिळाले. किती युनिट देणार, असे विचारल्यावर त्या बाईंनी "भागावर दर असतो, युनिटवर नाही" असे सांगितले. कोणते औषध घेता, पूर्वी काही आजार होता का, हे कोणीही विचारले नाही. मी हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने गेली तीन वर्षे रोज ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम घेते, तेही मीच सांगितले. पर्स उचलून मी बाहेर पडले.

आता मला विचारायचे आहे ते असे. भुवयांमधील आठी सैल करूनही भुवया उंचावण्याची आणि थोडी तरी आक्रसण्याची क्षमता राखता येते का? ५४ व्या वर्षी कायमची उमटलेली आठी इंजेक्शनने कितपत जाते, की तिच्यासाठी फिलरच लागते? ॲस्पिरिनचे काय करावे? डिसेंबर ते फेब्रुवारी आमचे कार्यक्रम असतात आणि गुरुपौर्णिमेला वर्गाचा वार्षिक कार्यक्रम असतो, तर हे कधी करावे? अभिनय, गायन किंवा निवेदन करणाऱ्या कोणी हे उपचार घेतले असतील, तर त्यांचा अनुभव मला सर्वांत मोलाचा वाटेल.

प्रतिसाद: त्वचा_वैद्य

ताई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, नाशिकबाहेर काम करते. प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही, तरीही आपल्या प्रश्नाचे उत्तर चेहऱ्याच्या रचनेतच असल्यामुळे ते समजावून सांगते.

भुवया उंचावणारा स्नायू कपाळाचा आहे. त्यांना आत आणि खाली खेचणारे स्नायू नाकाच्या मुळाशी आणि भुवयांच्या आतल्या टोकांशी आहेत. केवळ या दुसऱ्या गटात इंजेक्शन दिले तर आपला उत्क्षेप बव्हंशी शाबूत राहतो आणि भ्रुकुटी क्षीण होते. मूळ बोटॉक्सची या जागेसाठी मान्य मात्रा २० युनिट आहे, पाच बिंदूंवर प्रत्येकी ४. आपल्या बाबतीत मी कमी मात्रेपासून सुरुवात करीन आणि दोन आठवड्यांनी पाहून गरज असेल तरच भर घालीन. कमी मात्रेचा परिणाम लवकर ओसरतो, ही त्याची किंमत आहे. कपाळाला मात्र हात लावू देऊ नका. पन्नाशीनंतर अनेकांची पापणी थोडी सैल झालेली असते आणि कपाळाचा स्नायू नकळत ती उचलून धरत असतो. तो सैल पडला की भुवया खाली येतात आणि डोळे जड दिसतात. आपल्या कलेला ते परवडणारे नाही.

कायमची उमटलेली आठी एका वेळी पुसली जाणार नाही. ती उथळ होते, आणि त्वचा वारंवार दुमडली न गेल्याने पुढील काही महिन्यांत आणखी निवळते. त्या जागी फिलर भरण्याची घाई कृपया करू नका. तेथील रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तपुरवठ्याशी जोडलेल्या आहेत. जेल चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरू शकते आणि, क्वचित का होईना, दृष्टी कायमची जाऊ शकते. नाकाजवळच्या रेषांसाठी पुढे कधी फिलर घेतलेच, तर ते विरघळवणारे हायलुरोनिडेज तिथे हाताशी आहे का, हे आधी विचारा. बोटॉक्सला असा उतारा नाही. परिणाम ओसरण्याची वाट पाहावी लागते.

ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. फार तर सुईच्या जागी निळा डाग पडेल, आणि तो जातो. थांबवायचे की नाही हे आपले हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा मज्जातंतू-स्नायूंचा आजार असेल किंवा गरोदरपण, स्तनपान चालू असेल, तर हे इंजेक्शन देत नाहीत. आपण अमिनोग्लायकोसाइड गटातील प्रतिजैविक घेत असाल तर तेही सांगा. कधी कधी पापणी काही आठवडे खाली उतरते. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर मात्र त्याच क्षणी रुग्णालय गाठायचे.

त्या ठिकाणाहून आपण उठून आलात हे उत्तम केलेत. औषध पावडरच्या रूपात येते, सलाईनमध्ये मिसळावे लागते आणि फ्रिजमध्ये ठेवावे लागते. कुपी आपल्यासमोर उघडावी, तिच्यावरील नाव, बॅच क्रमांक आणि मुदत आपण वाचावी, आणि किती युनिट कुठे दिले हे कागदावर लिहून घ्यावे. निरनिराळ्या कंपन्यांची युनिटे सारखी नसतात. डिस्पोर्टचे एक युनिट म्हणजे बोटॉक्सचे एक युनिट नव्हे. डॉक्टरांची त्वचारोगातील पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करण्याचे काहीही कारण नाही.

प्रतिसाद: सिडकोकर

मी निवेदिका आहे आणि दोनदा बोटॉक्स घेतले आहे. पहिल्या वेळी कार्यक्रमाच्या आठच दिवस आधी घेतले, ही माझी चूक. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून फरक जाणवू लागला, परंतु पूर्ण परिणाम दोन आठवड्यांनी आला. त्यामुळे कार्यक्रमाच्या दिवशी एक भुवई दुसरीपेक्षा वर होती. पुढे ती आपोआप जुळली. साडेतीन महिन्यांनी सगळे पूर्ववत झाले. दुसऱ्या वेळी कपाळ सोडून फक्त मधला भाग केला आणि मला तोच बरा वाटला. आणखी एक सांगते: पहाटे पांडवलेणीला चढायला जात असाल तर गॉगल घेऊन जा. उतरताना ऊन थेट तोंडावर येते, आपण डोळे बारीक करतो आणि तीच आठी रोज नव्याने दुमडली जाते.

धागाकर्ती:

दोघींचे मनापासून आभार. डॉक्टर, भुवया उंचावणारा आणि आक्रसणारा स्नायू वेगळा असतो, हे वाचून मी तशीच आरशासमोर गेले. कपाळावर बोटे टेकवून उत्क्षेप केला, मग भ्रुकुटी केली. दोन्ही वेळा हालचाल वेगळ्या ठिकाणी जाणवते. इतकी वर्षे शिकवूनही हे मी बोटांनी कधी तपासले नव्हते. उद्या मुलींनाही करायला सांगणार आहे.

फिलरचा विचार सोडला आहे. फेब्रुवारीतील शेवटच्या कार्यक्रमानंतर, फक्त मधल्या भागात आणि कमी मात्रेत इंजेक्शन घ्यायचे असे ठरवते आहे, म्हणजे काही बिघडलेच तर गुरुपौर्णिमेपर्यंत परिणाम ओसरलेला असेल. हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. इंजेक्शनच्या आदल्या दिवशी सातही क्रिया आणि यशोदेचा तो प्रसंग एकाच प्रकाशात मोबाईलवर चित्रित करून ठेवीन आणि दोन आठवड्यांनी तेच पुन्हा करीन, म्हणजे काय गेले आणि काय राहिले ते दिसेल.

आता एवढीच विनंती आहे, की गंगापूर रोड, कॉलेज रोड किंवा इंदिरानगर परिसरात कुपी समोर उघडून, युनिट लिहून देणारे आणि थोडक्यात थांबणारे त्वचारोगतज्ज्ञ कोणाला स्वानुभवाने माहीत असतील, तर कृपया व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) कळवावे.