वर्गसमीकरणाच्या तासाला भास्कराचार्यांची माकडं हवीत का?

गणिताच्या बाई: वर्गसमीकरणाची दोन उत्तरं आली की दहावीची मुलं विचारतात, "बाई, कुठलं खोडायचं?" आपण सांगतो, ऋण असेल ते. यंदा मी भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तलं उदाहरण फळ्यावर घेतलं. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. एकूण किती? उत्तरं ५० आणि ५. दोन्ही धन! पण ५ धरलं तर पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की उणे २. भास्कराचार्यांनी ५ नाकारलं, कारण लोकांना ऋण संख्या पटत नाही. तास संपला तरी मुलं भांडत होती, एरवी गप्प बसणारीसुद्धा. गणिताचा इतिहास धड्याशेजारच्या चौकटीत नको, असा उदाहरणातच हवा.

शिकवणीवाला: बाई, पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांना अपूर्णांकांची वजाबाकी जमत नाही. त्यांना माकडं लक्षात राहतील, अवयव पडणार नाहीत. गणिताची भीती जाते ती स्वतः सोडवलेलं उत्तर बरोबर आल्यावर. त्याला सराव लागतो, गोष्ट नाही.

अकरावीत अडलेला: मला उणे एकाचं वर्गमूळ कधी पटलंच नाही, वाटायचं, आपणच ढ. पुढे वाचलं, इटलीतल्या कार्दानो या गणितज्ञानं १५४५ साली १० चे असे दोन भाग केले की गुणाकार ४० यावा. त्यात उणे १५ चं वर्गमूळ आलं आणि त्यालाही ते निरुपयोगी वाटलं. हे तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं.

नाशिककर: प्रत्यक्षात इतिहास म्हणजे "शून्य आपण दिलं" एवढंच सांगून टाळ्या घेतल्या जातात. आपल्याच ब्रह्मगुप्त या गणितज्ञानं ६२८ साली शून्याला शून्यानं भागून शून्य येतं असं चुकीचं लिहिलं, हे सांगणार का?

गणिताच्या बाई: सांगणारच! मुलांनी ते खोडून दाखवावं, त्यासाठीच सांगायचं. आणि सर, सराव यातही आहे. माकडांचं समीकरण मांडलं की क्षचा वर्ग उणे ५५ क्ष अधिक २५० बरोबर शून्य येतं. अवयव पाडावेच लागतात.

शिकवणीवाला: तिथवर पोचल्यावर ना. कळपाचा पाचवा भाग उणे ३, इथेच माझी मुलं अडतात. त्यांच्यासाठी आधी सहावीचे अपूर्णांक घ्यावे लागतात, आणि तो तास वेळापत्रकात कुठेच नाही.