क्रूझ : थंड उत्तर की उबदार दक्षिण? तुमचे अनुभव लिहा

क्रूझवर जायचं एवढं ठरलंय. कुठे, यावर घरात दोन तट पडलेत. एका तटाला अलास्का किंवा नॉर्वे हवंय, दुसऱ्याला कॅरिबियन, नाहीतर निदान भूमध्य समुद्र तरी. माहितीपत्रकांचा उपयोग शून्य, कारण त्यात सगळीकडे आकाश निळंच असतं. म्हणून जे जाऊन आलेत त्यांनी लिहा : कुठे गेलात, कोणत्या महिन्यात, बरोबर कोण होतं, आणि पुन्हा जायचं झालं तर तिथेच जाल का. ‘दोन्ही छान, ज्याची त्याची आवड’ हे मात्र नको. ते घरात रोज ऐकतोय.

—

अलास्का. जून महिना, मी आणि नवरा. नवऱ्याला थंडी अजिबात सोसत नाही, तरी सांगते.

ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ सोडतात. सकाळी एक छोटी बोट येऊन जहाजाला चिकटते आणि उद्यानाचे रेंजर दोरीच्या शिडीने वर चढतात. मग दिवसभर लाउडस्पीकरवर त्यांचं बोलणं चालू. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबलं. रुंदी दीडेक किलोमीटर, पाण्यावर उंची साधारण 75 मीटर, म्हणजे वीस-बावीस मजले. पण समोर मोजमाप करायला काहीच नसतं, त्यामुळे ती आधी लहानच वाटते. मग कड्याचा एक तुकडा सुटतो. तो पडताना दिसतो, पाणी उसळताना दिसतं, आणि सगळं होऊन गेल्यावर आवाज येतो, तोफ डागल्यासारखा. तेव्हा कळतं, आपण समजत होतो त्यापेक्षा ती केवढी लांब आहे. दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा सगळा डेक त्या बाजूला वळला. तोवर अर्थातच तुकडा पडून गेलेला. आवाजाकडे बघायचं नाही, कड्याकडे टक लावून राहायचं. पाण्यात तरंगणारा बर्फ वितळताना तडतडतो, शेकडो वर्षं आत कोंडलेली हवा सुटते म्हणून. बाल्कनीत शांत बसलं तर ऐकू येतो.

नवरा जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून दिवसभर डेकवर होता. आत बोलवायला मला जावं लागलं.

पुन्हा जाईन? हो, पण मे महिन्यात. त्या भागात वसंतात पाऊस कमी असतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळ्यात जास्त.

—

वरचं वाचून छान वाटलं, पण बरोबर लहान मुलं असतील तर मी डोळे मिटून कॅरिबियन म्हणेन. मुलांना हिमनदीचं कौतुक दहा मिनिटं. नंतर ‘आता काय?’

आम्ही जानेवारीत पश्चिम कॅरिबियन केलं. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला पाण्यात तोंड घातलं की खाली प्रवाळ आणि मासे. किनाऱ्यापासून फार लांबही जावं लागत नाही. तिथलं पाणी हिवाळ्यातही 26 अंशांच्या आसपास असतं, म्हणजे पोरं बाहेर यायचं नाव घेत नाहीत. ग्रँड केमनला कमरेएवढ्या पाण्यात स्टिंगरे, म्हणजे लांब शेपटीचे चपटे मासे, पायांवरून सरकत जातात. स्पर्श ओल्या मखमलीसारखा. धाकटीने पहिल्यांदा किंचाळून सगळा समुद्र डोक्यावर घेतला, पाच मिनिटांनी मासेच हिला चुकवत होते.

एक खरं सांगते. तिसऱ्या बेटावर उतरेपर्यंत धक्क्यावरची दुकानं सगळीकडे सारखीच वाटायला लागतात. तीच घड्याळं, त्याच टोप्या. बेट बघायचं असेल तर त्या गल्लीतून सरळ बाहेर पडायचं. नाहीतर उतरायचंच नाही. बंदराच्या दिवशी जहाज रिकामं असतं आणि पाण्याची घसरगुंडी आपल्या एकट्याची.

—

माझा मुद्दा एकच : बोट लागते का?

मला लागते, अगदी बेकार. त्यामुळे मी थंड-उबदार बघतच नाही, नकाशा बघते. मार्गात उघडा समुद्र किती आणि आडोशाचं पाणी किती. अलास्काच्या इनसाइड पॅसेजमध्ये दोन्ही बाजूंना बेटं आणि डोंगर, पाणी तळ्यासारखं. पण त्यातही गोम आहे. व्हँकुव्हरहून निघणारी जहाजं साधारणपणे व्हँकुव्हर बेटाच्या आतल्या बाजूने जातात, सिॲटलहून निघणारी बहुतेक बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून. अलास्का तेच, हिमनदी तीच, पोटाचा अनुभव वेगळा. नॉर्वेचंही तसंच. फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या अरुंद खाडीत, पाणी हलत नाही, पण तिथे पोचायला उत्तर समुद्र ओलांडायचा असेल तर तो कधी खवळेल सांगता येत नाही. कॅरिबियनमध्ये पूर्वेचे व्यापारी वारे असतात, हिवाळ्यात जोरदार. जहाज झुलतं, पण बंदरं बहुधा बेटांच्या पश्चिमेला, आडोशाला असतात.

केबिन खालच्या डेकवर, जहाजाच्या मधोमध घ्यायची. गोळी मळमळायच्या आधी घ्यायची, डॉक्टरांना विचारून. वरच्या मजल्यावरची पुढची केबिन कुणी फुकट दिली तरी मी घेणार नाही.

—

केचिकन, अलास्कातलं बंदर. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. छत्री नेऊ नका, वारा ती उलटी करतो. टोपीवाला रेनकोट, पाणी आत न घेणारे बूट, विषय संपला. आणि ‘पाऊस पडला म्हणून फिरता आलं नाही’ असं तिथल्या कुणाला सांगू नका, हसतात.

—

मी बरीच वर्षं जहाजावर नोकरी केली, त्यामुळे आतल्या बाजूने लिहितो.

उत्तर आणि दक्षिण ही दोन वेगळी जहाजं नसतात. उन्हाळ्यात जे अलास्काला चालतं तेच शरद सरला की मेक्सिकोच्या किनाऱ्याला, कॅरिबियनला किंवा पार ऑस्ट्रेलियाला जातं. तेच जेवणघर, तोच रंगमंच, आम्हीही तेच. बदलतात ती माणसं. उबदार मार्गावर सकाळी सहापासून तलावाशेजारच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा अडवायची लढाई, आणि थंड मार्गावर त्याच खुर्च्या ओस. तिथे गर्दी काचेच्या आडच्या बैठकीत, गळ्यात दुर्बिणी. देवमासा दिसल्याची घोषणा झाली की ताटं तशीच टाकून लोक एका बाजूला धावतात. कुबड देवमासे हिवाळा हवाईसारख्या उबदार पाण्यात काढतात, तिथे फारसं खात नाहीत, आणि उन्हाळ्यात पोट भरायला अलास्काला येतात. एकाच फेरीत उत्तर आणि दक्षिण दोन्ही साधणारे खरे प्रवासी तेच.

जहाज एका हंगामातून दुसऱ्या हंगामाकडे जातं त्या फेऱ्या बऱ्याचदा स्वस्त मिळतात. समुद्रातले दिवस जास्त, बंदरं कमी. वाचणाऱ्या माणसासाठी उत्तम.

आता वादळांचं. अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम अधिकृतपणे 1 जून ते 30 नोव्हेंबर, जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. लोकांना भीती बुडण्याची वाटते, ती सोडा. वादळ कुठे चाललंय हे कित्येक दिवस आधी दिसतं आणि जहाज त्याच्यापेक्षा वेगाने जाऊ शकतं. होतं काय, तर मार्ग बदलतो. पूर्वेची बेटं म्हणून तिकीट काढलेलं असतं, जहाज पश्चिमेला जातं, आणि करारात तशी मुभा लिहिलेलीच असते. सप्टेंबरातच जायचं असेल तर अरुबा, बोनेर, कुरसाव ही दक्षिणेकडची बेटं बघा, वादळं तिथे क्वचितच थेट धडकतात. उत्तरेतही बंदर चुकतं, पण वाऱ्यामुळे किंवा धुक्यामुळे. जिथे जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींनी उतरावं लागतं, तिथे ही शक्यता जास्त. ग्रँड केमन असंच. बुक करताना वेळापत्रकात ‘टेंडर’ (म्हणजे हीच छोटी बोट) हा शब्द शोधा आणि त्या दिवशीच्या सहलीवर फार जीव लावू नका.

—

दादा, वादळाचं बरं सांगितलंत. एक भर : समुद्री शेवाळ, सार्गासम. 2011 पासून त्याचे मोठे लोंढे कॅरिबियनमध्ये येतात, वसंत आणि उन्हाळ्यात. पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर तपकिरी ढीग साचतात आणि कुजले की सडक्या अंड्यांचा वास. पांढऱ्या वाळूसाठी जाणाऱ्यांनी हिवाळाच धरावा.

—

भूमध्य समुद्र, जुलै, बरोबर आई-बाबा दोघंही सत्तरीपुढचे. तो महिना आम्ही निवडला नव्हता, सुट्ट्याच तेव्हा होत्या.

उबदार म्हणजे किती उबदार, हा प्रश्न इथे विचारायला हवा. कॅरिबियनमध्ये निदान वारा असतो आणि पाण्यात शिरता येतं. भूमध्य समुद्रात लोक जातात ते शहरं बघायला, आणि शहरं म्हणजे तापलेला दगड. अथेन्सला पारा चाळिशीकडे गेला की ॲक्रोपोलिस, टेकडीवरची प्राचीन मंदिरं, भर दुपारचे काही तास बंद ठेवतात. 2023 च्या जुलैमध्ये ठेवलं होतं, नंतरही ठेवलंय. रोम म्हणून जिथे जहाज लागतं ते चिविताव्हेक्या, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर. जाऊन-येऊन तीन तास प्रवासातच जातात आणि उरलेला वेळ नेमका भर उन्हाचा. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर जुन्या बंदरातून वर गावात जायला केबल कार, नाहीतर जवळजवळ सहाशे पायऱ्या. केबल कारची रांग उन्हात. बाबा म्हणाले, ‘तुम्ही जाऊन या, मला जहाजावरून दिसतंय की.’ आणि खरंच, खालून दिसणारा तो काळा-तांबडा कडा आणि वर पांढऱ्या घरांची किनार, याहून चांगलं दृश्य वर आम्हाला मिळालं नाही. वर नुसती माणसं.

तेव्हा ज्येष्ठ बरोबर असतील तर भूमध्य समुद्र एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्येच जाणं असेल तर उत्तरेला जा. थंडीवर कपडे चढवता येतात, उन्हावर काय चढवणार?

—

एवढाही वाईट नसतो हो जुलै. सकाळी सातला जहाजातून पहिल्यांदा उतरणाऱ्यांत असलं की अकरापर्यंत बरंच होतं, दुपारी परत जहाजावर. आम्ही दुपारी कधी बाहेर राहिलोच नाही आणि मजेत होतो. पण हो, आमच्यात गुडघेदुखी कुणालाच नव्हती.

—

नॉर्वेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

गायरांगर फियॉर्डमध्ये जहाज पहाटे शिरतं. कॅप्टनने आदल्या रात्री सांगितलं होतं, तरी निम्मं जहाज झोपलेलं. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि त्यावरून ‘सात बहिणी’ धबधबा. कड्यांवर मध्येच एखादं जुनं शेतघर, आता ओस पडलेलं. तिथे माणसं राहत होती यावर विश्वास बसत नाही, कारण वाटच दिसत नाही. हे सगळं बघायला जहाजातून उतरावं लागत नाही. माझ्या मते उत्तर-दक्षिणेतला खरा फरक हाच. उत्तरेत जहाज चालत असतं तेव्हाच बघण्यासारखं असतं, दक्षिणेत ते थांबल्यावर. पैसे कशावर खर्च करायचे हे त्यावरून ठरवा : उत्तरेत बाल्कनीवर, दक्षिणेत किनाऱ्यावरच्या सहलींवर.

नॉर्डकॅपला, नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला, मध्यरात्रीचा सूर्य साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. म्हणजे तो मावळत नाही. दिसेलच असं नाही. आम्ही तीनशे मीटर उंच कड्यावर उभे होतो आणि खाली नुसतं दाट धुकं. बाराला ते पाचेक मिनिटं फाटलं, समुद्रावर तांब्याचा पट्टा दिसला, परत बंद. उजेडामुळे झोपेचं खोबरं होतं, पडदे घट्ट लावा. आणि उन्हाळ्यात जाऊन ‘नॉर्दर्न लाइट्स दिसतील का’ विचारणारे दर जहाजावर भेटतात. रात्रच नसते तर दिसणार कुठून? त्यासाठी सप्टेंबरअखेर ते मार्च.

आम्ही ऑगस्टमध्ये जायला हवं होतं असं बायकोचं मत. माझं नाही.

—

दक्षिण म्हणजे उबदार हे कुणी ठरवलं? अजून खाली जा की. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआयाहून निघून ड्रेक पॅसेज हा खवळलेला समुद्र ओलांडायला दोनेक दिवस, मग अंटार्क्टिका. पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला तिथे माणसं उतरवता येत नाहीत, आणि एका जागी एका वेळी शंभरच जण. पेंग्विनच्या वसाहतीचा वास फोटोत येत नाही, तो जाकिटातून घरापर्यंत येतो. ज्यांना बोट लागते त्या वरच्या ताईंनी हा प्रतिसाद वाचला नाही असं समजावं.

—

सगळ्यांचे आभार. आमच्याकडे आता उत्तर पुढे आहे, कारण सुट्टी जूनमध्येच मिळणार. एकच शंका : सिॲटलहून निघून सिॲटललाच परत येणाऱ्या अलास्का फेरीला कॅनडाचे कागद लागतात का? सगळं अमेरिकेतच तर आहे.

—

नाही, सगळं अमेरिकेत नसतं. 1886 चा एक अमेरिकी कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाला अमेरिकेतल्या बंदरातून निघून मध्ये एकदाही परदेशी बंदर न घेता अशी फेरी करता येत नाही, आणि मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी परदेशी झेंड्याचीच. म्हणून सिॲटलच्या फेऱ्या बहुधा शेवटच्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. तुम्ही खाली उतरा किंवा केबिनमध्ये झोपा, थांबा कॅनडातच असतो. तुमच्या पासपोर्टला कॅनडात जायला काय लागतं आणि अमेरिकेत पुन्हा शिरायला काय लागतं, हे दोन्ही दूतावासांच्या संकेतस्थळांवर बघा आणि जहाज कंपनीकडून लेखी घ्या. अमेरिकेचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर व्हिक्टोरियाहून परतणं हा दुसरा प्रवेश धरला जाऊ शकतो, तेही आधीच विचारून ठेवा. हे सगळं तिकिटाचे पैसे भरायच्या आधी.